कोरड्या ओढ्याच्या नोंदी

९ मार्च

नवी वही. विज्ञान मंडळाचा यंदाचा प्रकल्प कोणता, यावर नववीच्या पोरांनी तीन नावं सुचवली: ठिबक, गांडूळखत आणि ओढा. पहिली दोन दरवर्षी होतात आणि दरवर्षी कुठलं ना कुठलं बक्षीस आणतात. ओढ्याला हात वर करणारे चौघेच होते, पण चौघांचीही घरं फरशीच्या पलीकडे आहेत. ओढा घेतला.

गाव पुरंदर तालुक्यातलं, पर्जन्यछायेचं. मार्च संपत आला की टँकर कधी सुरू होणार यावर पारावर चर्चा. ओढा डोंगरातून उतरतो, गावाला वळसा घालतो आणि पुढे कऱ्हेला मिळतो. वर्षातले दहा महिने तो ओढा कमी आणि मोकळी जागा जास्त. पात्रात ट्रॅक्टर लागतात, कडबा रचला जातो, एकदा तर लग्नाचा मांडवही पडला होता. पलीकडे जायला पूल नाही, फरशी आहे: सिमेंटचा बुटका रस्ता, खाली दोन नळ. नळांत निम्मी माती.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथे सगळ्यांना आठवते. त्या रात्री पुण्यात कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने घरं, भिंती, गाड्या नेल्या. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं गेली. इकडे कऱ्हेला पूर आला, खाली बारामतीत लोकांना हलवावं लागलं. आमच्या फरशीवरून एक दुचाकी गेली. चालवणारा बाभळीला धरून तीन तास बसला आणि वाचला. दुचाकी चौथ्या दिवशी दीड किलोमीटर खाली, वाळूत उभी रुतलेली सापडली.

प्रश्न एकच ठरवला. फरशीवर पाणी यायच्या आधी किती मिनिटं कळू शकतं, आणि कळलं तर त्या मिनिटांत नेमकं काय करायचं?

१५ मार्च

शाळा सुटल्यावर ओढा उलटा चालत गेलो. सहा पोरं, एक टेप, दोन मोबाइल, कलिंगड. फरशीपासून जुन्या दगडी बंधाऱ्यापर्यंत २.२ किलोमीटर भरलं, वरच्या वाडीपर्यंत ५.५. त्याच्या वर नुसता मुरमाड उतार, मध्ये मध्ये कुसळी गवत. नकाशावर चौकटी मोजून ओढ्याचं पाणलोट साधारण ९ चौरस किलोमीटर निघालं.

पाणी सेकंदाला २ मीटर धावतं असं धरलं तर वाडीपासून फरशीपर्यंत ४६ मिनिटं, बंधाऱ्यापासून १८. ही दोन मीटरची गोष्ट अंदाजाचीच आहे, खरी निघते का ते पाण्यालाच विचारावं लागेल.

वाटेत मेंढपाळांचा वाडा उतरलेला होता, पात्रापासून चांगला दोन पुरुष उंच. पात्रात सपाट, आडोशाची जागा असून वर खडकाळीत का, असं एका पोराने विचारलं. म्हातारी म्हणाली, "आभाळ कोरडं आसलं तरी वड्यात बिऱ्हाड टाकू नये. पाऊस आपल्या डोक्यावरच पडंल आसं कोण सांगितलंय?" प्रकल्पाचं पहिलं पान तिने दोन वाक्यांत लिहून दिलं.

२९ मार्च

वर्गात पाऊस मोजण्याचा तास. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, एवढं एकच सूत्र. मग हिशेब पोरांनीच केला. पाणलोटाच्या वरच्या निम्म्या भागावर, म्हणजे ४.५ चौरस किलोमीटरवर, ४० मिमी पाऊस पडला तर १८ कोटी लिटर. त्यातलं बरंच मुरेल, अडेल. एक तृतीयांशच वाहून आलं तरी ६ कोटी.

कोटी म्हटलं की चेहऱ्यावर काही उमटत नाही. "दहा हजार लिटरचे टँकर किती?" विचारलं. सहा हजार. मागच्या बाकावरून शिट्टी आली. उन्हाळ्यात दोन टँकरवर गाव काढणाऱ्या पोरांना सहा हजार टँकर एका तासात फरशीवरून गेलेले दिसले.

६ एप्रिल

हवामान खात्याचा अंदाज कसा वाचायचा यावर दोन तास गेले. ठरवले होते वीस मिनिटं.

अडलं ते 'तुरळक ठिकाणी' या शब्दांवर. पोरांना वाटत होतं तुरळक म्हणजे पाऊस थोडा. तसं नाही. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी', ७५ पर्यंत 'बऱ्याच', त्याहून जास्त 'बहुतांश'. हा शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतो, किती जोराचा ते नाही. 'तुरळक ठिकाणी जोरदार' यात विसंगती काही नाही. वळवाचा स्वभावच तो.

आणि 'जोरदार' चंही तसंच. खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिमी ओलांडले की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. दिवस मोजायचा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. आमच्या ओढ्याला चोवीस तास लागत नाहीत. त्याला अर्धा तास पुरतो. चोवीस तासांत ४० मिमी झाला तर कागदावर तो मध्यमच, पण तोच ४० पाऊण तासात ओतला तर फरशी गेली. पीकनुकसानीच्या पंचनाम्यासाठी महसूल मंडळात ६५ मिमी लागतात आणि मंडळात मोजणारं यंत्र सहसा एक. ते जिथे आहे तिथे त्या दिवशी कडक ऊनही असू शकतं.

उदाहरण दिलं मुंबईचं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. त्याच शहरात, त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४. पोरांनी नकाशा काढून अंतर मोजलं आणि म्हणाली, मग आपल्या जिल्ह्याला इशाऱ्याचा एकच रंग कसा देतात?

देणाऱ्याचा दोष नाही, हे समजावता समजावता घंटा झाली. वळवाचा एकेक ढग दुपारी तापलेल्या जमिनीवर उठतो, समुद्राकडून आलेली ओल घेऊन बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात रिकामा होऊन संपतो. आज दुपारी जिल्ह्यात असे ढग उठतील, हे आदल्या दिवशी सांगता येतं. कोणत्या वाडीवर, ते नाही. म्हणून आदल्या दिवशीचा रंग हा तयारीचा, आणि दर तीन तासांनी येणारा तात्काळ अंदाज हा हालचालीचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हला. फळ्यावर लिहिलं. त्याखाली कुणीतरी 'हिरवा = झोपा' लिहून ठेवलं, ते पुसलं नाही.

१३ एप्रिल

बंधाऱ्यावर यंत्र बसवलं. भिंतीतून आडवा लोखंडी पाइप काढला, टोकाला आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर, तळापासून २.६० मीटर उंच. पेटीत छोटा कंट्रोलर, बॅटरी, मोबाइलचं मॉड्यूल आणि नोंदी साठवायला मेमरी कार्ड. वर सोलर पॅनल. टूजी चालणारं सिम शोधण्यात दोन दिवस गेले. पाणी ३० सेंटिमीटर चढलं की पाच नंबरांना संदेश जाणार.

वेल्डिंगवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण पाइपावर स्वतःचं नाव कोरलं.

१५ एप्रिल

दुपारी २ वाजता बंधाऱ्यात १० सेंटिमीटर पाणी. ऊन असं की कावळाही दिसत नाही. मोटारसायकल काढून गेले. ओढा ठणठणीत कोरडा, तळात एक सरडा.

१६ एप्रिल

पुन्हा दुपारी १० सेंटिमीटर. सकाळी ७ वाजता शून्य. यंत्राच्या मते ओढ्याला रोज दुपारी भरती येते.

१७ एप्रिल

सापडलं. लहर खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून सेन्सर अंतर काढतो. प्रोग्रामात आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला, तो २० अंश तापमानाचा. उन्हात पाइपाजवळ ४३ अंश. वेग दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे तिथे ३५७ च्या आसपास. आवाज लवकर परत येतो, यंत्राला वाटतं जमीन जवळ आली, म्हणजेच पाणी चढलं. २.६० ऐवजी २.५०. बरोबर दहा सेंटिमीटर.

हा धडा पाठ्यपुस्तकात आहे, मी अकरा वर्षं शिकवते आहे, आणि ओळखायला तीन दिवस लागले. तापमानाचा सेन्सर जोडला, सूत्र टाकलं. पोरांना सांगितलं की प्रात्यक्षिक परीक्षेत हा प्रश्न येणार.

२३ एप्रिल

पहिला वळीव, निदान आवाजाचा. साडेचारला पूर्वेला काळं झालं, वावटळ उठली, पत्रे वाजले. थेंब मोजून पंधरा पडले असतील. विजा मात्र चिकार. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. पोरांनी ओट्यावर बसून मोजले: २४, २१, १५, ९. नऊ म्हटल्यावर सगळ्यांना आत घेतलं. खरं तर पहिल्याच आवाजाला, चोवीसलाच घ्यायला हवं होतं. गडगडाट ऐकू आला की आपण विजेच्या टप्प्यात आलोच.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप पालकांच्या फोनवर टाकून दिलं. आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. आमच्यासाठी त्याचा एक आडवा उपयोगही आहे. डोंगरामागे विजा दिसू लागल्या की वर ढग तयार आहे एवढं पाऊस न मोजता कळतं.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. विषयपत्रिकेत आमचा क्रमांक नववा, म्हणजे निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर.

"प्यायला पाणी न्हाई आन् बाई पुराची मशीन लावत्यात," असं एकाने म्हणताच सभा हसली. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. मग सहा हजार टँकरांचा हिशेब एका मुलीला मांडायला लावला. ती घाबरत बोलली, पण आकडा बरोबर ऐकू गेला. हसणं थांबलं. मे २०२५ चं कुणीतरी काढलं: पाऊस वेळेआधी आला, बारामती-इंदापूरकडे ओढ्यांनी घरं भरली, नीरेचा डावा कालवा फुटला, आणि २६ मेला मान्सून मुंबईतसुद्धा पोचला होता. "आता मे म्हंजे उन्हाळा, ह्यो भरवसा ऱ्हायला न्हाई," हे सरपंचताईंचं.

खरा वाद फरशी बंद कोण करणार यावर झाला. यंत्र, संदेश, रंग यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ऊन पडलेलं असताना रस्त्यावर साखळी टाकून शिव्या कोण खाणार? पाऊण तास कुणी नाव देईना. शेवटी फरशीच्या अलीकडे राहणारे एसटीतून निवृत्त झालेले आबा उठले. म्हणाले, "बत्तीस वर्सं शिव्या खाल्ल्यात. शिट्टी बी हाय माझ्याकडं."

ठरलं: दोन्ही टोकांना खांब, साखळी, साखळीला लाल रंगवलेला जुना टायर. साखळी टाकायचा अधिकार आबांना, पलीकडे किराणा दुकानवाल्या वहिनींना. काढायचा अधिकारही त्यांनाच, दुसऱ्या कुणाला नाही. पाणी उतरून फरशीचा पृष्ठभाग दिसल्याशिवाय आणि कडा चालून तपासल्याशिवाय काढायची नाही. ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ टायरवरच पांढऱ्या रंगात.

४ मे

वरच्या वाडीत तात्यांकडे. पर्जन्यमापक विकत घ्यायचा विचार होता. तात्यांनी पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा आणला. झाकण कापलेला, चौकोनी, भिंती सरळ. यापेक्षा चांगलं भांडं नाही. भिंती सरळ असल्या की आत जितकी उंची पाणी साठेल तितकाच पाऊस, तोंड केवढं आहे ते बघायचीही गरज नाही. आत तळापासून २५ मिलिमीटरवर नेलपॉलिशने लाल रेघ मारली. अंगणात, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, दगडांच्या आधाराने उभा केला. पाणी रेघेला लागलं की फोन.

खालपर्यंत आणखी सात घरी असेच डबे. एका घरी नेलपॉलिश नव्हती, तिथे कुंकवाची रेघ मारली. ती पहिल्याच पावसात जाईल हे दोघांनाही कळत होतं.

९ मे

सुट्टी असूनही दहा पोरं. घागरीएवढ्या टबात पाणी आणि खेळण्यातली मोटार. विषय: गाडी जड असते, ती कशी वाहून जाईल?

लहान मोटारीचा तळ ६ चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की ६०० किलोची उचल. १५ सेंटिमीटर चढलं की ९०० किलो, म्हणजे जवळजवळ गाडीच्या वजनाएवढीच. चाकांचा जमिनीवरचा दाब संपला की ब्रेक, स्टिअरिंग, गिअर सगळं शोभेचं. म्हणून रस्त्यावर एक फूट पाणी दिसलं तरी मोटार थांबवायची. दोन फुटांत जीप, टेम्पो, बहुतेक सगळं जातं. पायी माणसाला वेगाच्या पाण्यात सहा इंचही पुरतात. आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट.

यानंतर पोरांनी प्रत्येकाने आपल्या घरातल्या ड्रायव्हरला एक वाक्य सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तरं गोळा केली. सर्वाधिक वेळा मिळालेलं: "मला शिकवतो का?"

१३ मे

संध्याकाळी ६:१०. तात्यांचा फोन, रेघेला पाणी. आबांनी साखळी टाकली. आठ वाजले, नऊ वाजले, ओढ्यात थेंब नाही. अलीकडे सतरा गाड्या, पलीकडे नऊ. साडेनऊला साखळी काढली. जाता जाता एकजण म्हणाला, "लांडगा आला रे आला."

१४ मे

तात्यांशी बोलले. रेघ बरोबर, पण ती भरायला दोन तास लागले होते. संथ पाऊस, आणि महिनाभर तापून भेगाळलेली जमीन. सगळं प्यायली. चूक नियमात होती, तात्यांची नाही. आम्ही उंची ठरवली, वेळ ठरवलीच नाही. नवा नियम: अर्ध्या तासाच्या आत २५ मिमी झाला तरच फोन. पाऊस सुरू झाला की तात्या घड्याळ बघणार. एकदा जमीन भिजली की रेघ १५ वर आणायची. ओल्या घोंगडीवर ओतलेलं पाणी खालीच येतं.

आबांना नियम बदलल्याचं सांगायला गेले. ते रागावले नव्हते. म्हणाले, "गाडी सुटली न्हाई म्हनून कुनी मरत न्हाई."

२१ मे

जिल्ह्याला पिवळा. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा. सकाळपासून उकाडा असा की भिंतीला हात लावला तरी चिकटतो.

३:४० डोंगरामागे ढग. गावावर लख्ख ऊन.
४:१५ दामिनीवर डोंगराच्या वर ठिपके.
४:४६ तात्यांचा फोन. वीस मिनिटांत रेघ बुडाली, गारा आहेत, ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलत होते. एवढं बोलून झालं आणि फोन कट. त्यानंतर तो लागलाच नाही.
४:५५ दोन्ही बाजूंना साखळी.

मी फरशीवर पोचले तेव्हा ऊनच होतं. वारा गार झाला होता, मातीचा वास होता, पण पाऊस नाही. पात्रात उभे दोन ट्रॅक्टर पोरांनी हाका मारून काढायला लावले. एका लग्नाचं वऱ्हाड परतीला, तीन जीपगाड्या. दुधाचा टेम्पो. टेम्पोवाला तावातावाने सांगत होता की दूध नासलं तर भरून कोण देणार. त्याचं खोटं नव्हतं. आबांनी शिट्टी तोंडात धरली होती, त्यामुळे त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

५:१२ च्या सुमारास एक तरुण साखळीच्या कडेने, काट्यातून बुलेट घालून पात्रात उतरला, पलीकडे चढला, मागे वळून हात केला. सगळ्यांनी पाहिलं. कोरड्या फुफाट्यात टायरची नक्षी. टेम्पोवाल्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दहा मिनिटांत प्रकल्प संपला असं मला वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

५:२७ आधी आवाज. खडीचा ट्रक रिकामा करताना होतो तसा, पण न थांबणारा. वऱ्हाडातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

५:३१ पाणी आलं. पाणी म्हणणंही खरं नाही. पुढे पाचोळा, शेण, प्लास्टिक, बाटल्या, वाळकी काटेरी झुडपं यांची गुडघाभर भिंत, आणि तिच्या मागे चहाच्या रंगाचा लोंढा. नळ क्षणात तुंबले. दोन मिनिटांत फरशी दिसेनाशी झाली. बुलेटची नक्षी कुठे होती ते सांगता येणार नाही. वर ऊन. पाण्यावर ऊन चकाकत होतं.

टेम्पोवाल्याने टेम्पो पन्नास फूट मागे घेतला आणि लग्नातल्या पोरांना दूध वाटायला सुरुवात केली. पंचवीस-तीस लिटर तरी गेलं असेल.

७:४० बंधाऱ्याच्या यंत्राचा संदेश आला: 'पाणी ३० सेंमी'. पाचही नंबरांना, व्यवस्थित, जवळजवळ अडीच तास उशिरा. वर वादळात वीज गेली, टॉवर बंद पडला, संदेश रांगेत बसून राहिला.

२२ मे

सकाळी ६ वाजता पाणी उतरलं. खांबावर चिखलाची रेघ फरशीच्या वर ७० सेंटिमीटर. फरशीची खालची कड दोन ठिकाणी पोकळ, वरून अखंड दिसते पण काठी आत जाते. याच कारणाने आबांनी रात्री नऊला 'पाणी कमी झालंय की' म्हणणाऱ्यांना सोडलं नव्हतं.

मेमरी कार्ड काढलं. बंधाऱ्यात ३० सेंटिमीटर ओलांडल्याची वेळ ५:१४. फरशीवर ५:३१. म्हणजे २.२ किलोमीटरला १७ मिनिटं, सेकंदाला २.१६ मीटर. मार्चमधला अंदाज २ चा होता. पोरांना आनंद झाला, मला जरा भीतीच वाटली, कारण पाणी आधीच भरलेल्या पात्रातून आलं तर याहून जोरात येईल. काल पूर असताना किनाऱ्याने २० मीटर मोजून रिकामी बाटली सोडली होती: ७ सेकंद. पृष्ठभागाचा वेग २.९, सरासरी त्याच्या ८५ टक्के धरली तरी अडीचच्या जवळ.

डब्यांचे आकडे. वरची वाडी ४४ मिमी, तिच्याखालच्या दोन घरी ३१ आणि १९. बंधाऱ्याजवळ ६. गावातल्या चार डब्यांत धूळ. एकात कोंबडीचं पीस.

तात्यांच्या फोनपासून फरशीवर पाणी येईपर्यंत ४५ मिनिटं. संदेश वेळेवर आला असता तरी यंत्राने १७ दिली असती. पाण्यावर नजर ठेवण्यापेक्षा पावसावर ठेवलेली बरी, आणि फोन टॉवर पडायच्या आधी करायचा. यंत्र काढणार नाही. त्याच्या वेळा नसत्या तर ही मिनिटं कळलीच नसती. पण सूचना देणाऱ्यांच्या यादीत ते आता पहिलं नाही, तिसरं आहे. दुसरी वरच्या वाडीतल्या मंदिराची घंटा, टॉवर गेला तर. ती मधल्या वस्तीपर्यंत ऐकू येते, तिथून एक पोरगा सायकलवर.

२७ मे

बुलेटवाला आज चावडीपाशी भेटला. त्याला सांगायची दोन-तीन वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. तोच म्हणाला, "बाई, मी गेलो तवा पाणी नव्हतं." खरं आहे. तो गेला तेव्हा पाणी नव्हतं. एकोणीस मिनिटांनी आलं. त्याच्याकडे त्या दिवसाचा पुरावा असा आहे की साखळी ओलांडली तरी काही होत नाही, आणि तो पुरावा त्याने गावभर दाखवलाय.

३० जून २०२४ चा भुशी धरणाचा व्हिडिओ त्याने पाहिलेला होता. धबधब्याच्या पात्रात एकमेकांना धरून उभं असलेलं कुटुंब, पाच जण गेले. त्याबद्दल तो म्हणाला, "त्यांना पोहता येत नसंल." पोहण्याचा आणि त्या पाण्याचा संबंध नाही, हे मला नीट सांगता आलं नाही. काटे मात्र आता तोडून तिथे दगड रचलेत, साखळीच्या कडेने बुलेट जात नाही.

२ जून

ग्रामपंचायतीने नळांतली माती काढायला जेसीबी दिला. कड बुजवायचा प्रस्ताव तालुक्याला गेला. कडेची पोकळी दाखवणारा फोटो पोरांनी काठीसकट काढला होता, तो जोडला. पात्रातला कडबा उचलला गेला, ट्रॅक्टर अजून एक तिथेच लागतो.

८ जून

मृग लागला. जमीन भिजलीय, रेघ १५ वर आणायची म्हणून वाडीत गेले. अंगणात डबा नाही. काकूंनी त्यात बाजरी भरून ठेवली होती. "तुमचा उन्हाळ्याचा प्रकल्प झाला न्हवं?" तात्या मान खाली घालून हसत होते.

खाली उतरून दुकानातून नवा डबा घेतला. तेलासकट घ्यावा लागला, वहिनी रिकामा द्यायला तयार नव्हत्या. उद्या तेल काढून देते, डबा धुऊन परवा वर पाठवायचा. नेलपॉलिश पिशवीत आहे.